नगरच्या खेड्यातून मराठी मासिक काढणारे जर्मन फादर पुढे पुण्याचे बिशप झाले

भाईंदर पश्चिमेहून उत्तनचा रस्ता धरला की डोंगरी, उत्तन, पाली, चौक अशी गावं लागतात. समुद्र, होड्या, वाळत घातलेले बोंबील आणि चर्च. इथले कोळी ख्रिस्ती घरात मराठीचीच बोली बोलतात. पण ही गावं ज्या मुंबई धर्मप्रांतात येतात, त्याचं १८५० पासूनचं साप्ताहिक 'द एक्झामिनर' इंग्रजीत निघतं.

मग मराठी वाचणाऱ्या कॅथलिकांसाठी कुणी काही काढलं की नाही?

काढलं. पण त्याची सुरुवात मुंबईत झाली नाही आणि वसईतही नाही. ती झाली अहमदनगर जिल्ह्यात, राहुरी तालुक्यातल्या केंदळ गावी. साल १९०३. मासिकाचं नाव 'निरोप्या' आणि ते काढणारे फादर हेन्री डोरिंग चक्क जर्मन होते.

डोरिंग यांचा जन्म १८५९ चा. मूळ नाव हाइनरिख, पण इकडे सगळे त्यांना हेन्री म्हणूनच ओळखतात. ते जेज्वीट म्हणजे येशूसंघाचे धर्मगुरू होते. त्या काळी मुंबई-पुण्याचं मिशन जर्मन भाषक जेज्वीटांकडे होतं. मुंबईचं सेंट झेवियर्स कॉलेज त्यांनीच उभं केलं. त्यांच्यातल्या काही जणांनी मात्र शहराऐवजी नगर जिल्ह्यातली खेडी धरली. १८७० च्या दशकाच्या अखेरीस वळण, केंदळ या भागात त्यांचं काम सुरू झालं. ख्रिस्ती झालेले बहुतेक लोक गावकुसाबाहेरचे होते. दुष्काळानं पिचलेले आणि शाळेचं दार बंद असलेले.

आता थोडा हिशेब मांडू. १९०१ च्या जनगणनेत देशात लिहिता-वाचता येणारे शंभरात जेमतेम पाच जण होते. गावकुसाबाहेर तर त्याहूनही कमी. अशा लोकांसाठी मासिक काढायचं म्हणजे वेडेपणाच वाटेल.

पण मासिक वाचायला घरातल्या प्रत्येकाला अक्षरओळख लागत नाही. मिशनच्या शाळेतला एक मास्तर वाचणार आणि बाकीचे ऐकणार, एवढं पुरतं. दुसरं म्हणजे फादर थोडे आणि गावं पुष्कळ. फादरांची फेरी होईपर्यंत मधल्या काळात गावाशी बोलणार कोण? छापील कागद बोलू शकत होता.

आणखी एक अडचण होती. तेव्हा जगभर कॅथलिक मिस्सा लॅटिनमध्ये होत असे. प्रवचन लोकांच्या भाषेत, पण वेदीवरची प्रार्थना लॅटिन. म्हणजे राहुरीच्या शेतमजुराला आपल्या धर्माचा मुख्य विधी परक्या भाषेत ऐकावा लागायचा. त्याच्या हातात दर महिन्याला मराठी कागद देण्याचं मोल इथं कळतं.

प्रॉटेस्टंट मंडळी यात खूप पुढे होती. अमेरिकन मराठी मिशनचं 'ज्ञानोदय' नगरमध्येच १८४२ साली सुरू झालं होतं. रेव्हरंड नारायण वामन टिळक त्याच मिशनमध्ये लिहीत होते. 'निरोप्या' आला तो तब्बल ६१ वर्षांनी.

नावाचीही गोष्ट आहे. येशूच्या पवित्र हृदयाच्या भक्तीसाठी १८६१ साली फ्रान्समध्ये एक मासिक सुरू झालं, ज्याच्या नावाचा अर्थ दूत असा होतो. मग निरनिराळ्या देशांत, निरनिराळ्या भाषांत त्याच नावाची मासिकं निघाली. मराठीत 'दूत' किंवा 'संदेशवाहक' असं भारदस्त नाव देता आलं असतं. पण घेतला तो 'निरोप्या', गावात निरोप घेऊन येणाऱ्या माणसाचा शब्द.

चार वर्षांनी, १९०७ मध्ये, डोरिंग पुण्याचे बिशप झाले. खेड्यातलं मासिक काढणारा माणूस आता सगळ्या धर्मप्रांताचा प्रमुख होता.

आणि १९१४ साली महायुद्ध पेटलं.

इंग्रज सरकारच्या लेखी प्रत्येक जर्मन शत्रू ठरला, मग तो पाद्री का असेना. अनेक जर्मनांना नगरच्याच छावणीत डांबलं गेलं. जर्मन जेज्वीटांना देश सोडावा लागला. ज्या जिल्ह्यात त्यांनी शाळा काढल्या, तिथंच काहींच्या नशिबी काटेरी तारा आल्या. बिशप डोरिंगही आपल्या धर्मप्रांताला मुकले. युद्ध संपलं, तरी जर्मन मिशनऱ्यांना परत येऊ द्यायला सरकार राजी नव्हतं.

रोमने मग त्यांना आर्चबिशपचा मान देऊन थेट जपानला पाठवलं, हिरोशिमा भागाचे धर्मप्रमुख म्हणून. मराठीत इतकी वर्षं काढलेल्या माणसाला साठी उलटल्यावर नवा देश आणि नवी भाषा.

१९२७ साली दार उघडलं आणि डोरिंग पुण्याला परतले. त्यानंतर जवळपास २१ वर्षं ते तिथेच बिशप राहिले. दुसरं महायुद्ध, हिरोशिमावरचा अणुबॉम्ब, भारताचं स्वातंत्र्य, हे सगळं त्यांच्या या कारकिर्दीत घडलं. १९४८ मध्ये, वयाच्या ८८ व्या वर्षी, ते पायउतार झाले. त्यांच्यानंतर पुण्याच्या गादीवर भारतीय बिशप आले. १९५१ साली डोरिंग वारले.

'निरोप्या' मात्र चालत राहिला. पुढे तो पुण्याहून निघू लागला आणि २००३ मध्ये त्यानं शंभरी गाठली. मधल्या काळात वसईत 'सुवार्ता' मासिक उभं राहिलं. त्यात धर्माबरोबर वसईची हिरवाई, पाणी, जमीन हे विषयही आले. त्याचे अनेक वर्षं संपादक राहिलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. चर्चचं मासिक चालवणारा संपादक मराठी साहित्याच्या सर्वोच्च व्यासपीठावर बसला.

अशा मासिकांचा खप मोठ्या दैनिकांपुढे नगण्य असतो. पण त्यांचा वाचक वेगळा असतो. त्याला आपल्या गावच्या, आपल्या माणसांच्या बातम्या आणि आपली प्रार्थना आपल्या भाषेत हवी असते. दुसरं कुणी ती छापत नाही.

१९६० च्या दशकात दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं मिस्सा लोकभाषेत करायला परवानगी दिली आणि वेदीवर मराठी आली. ते पाहायला डोरिंग नव्हते. पण केंदळच्या मासिकानं मराठीत बोलायला सुरुवात करून तोवर साठ वर्षं झाली होती.