डॉ. भाऊ दाजी : सेवा आणि गुपित

वैद्यकी हा धर्म की धंदा, हा वाद शहरातच होतो असे नाही. आमच्या ताडकळसहून मोठ्या दुखण्यासाठी परभणी किंवा नांदेड गाठणाऱ्या माणसालाही बिलाचा कागद हाती आला की तोच प्रश्न पडतो. त्याचा विचार करताना मला डॉ. भाऊ दाजी लाड आठवतात. अजिंठ्याचे शिलालेख अभ्यासणारे संशोधक म्हणून मराठवाड्याला ते परके नाहीत. परंतु मला त्यांच्यातील डॉक्टर अधिक विचार करायला लावतो.

त्यांचे मूळ नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. एकोणिसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात गोव्यातील मांद्रे येथे सामान्य कुटुंबात त्यांचा जन्म झाला. मुंबईत शिक्षण घेऊन ते १८४५ साली सुरू झालेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजात गेले आणि १८५१ साली तेथील पदवीधरांच्या पहिल्या तुकडीत बाहेर पडले. व्यवसायात नाव झाले, पैसाही आला. तो त्यांनी नाकारला नाही. पण बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासह गरिबांसाठी धर्मार्थ दवाखानाही चालवला. मुलींच्या शिक्षणासाठी ते झटले.

पुढे अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव भडकले आणि मुंबईला शेअरच्या सट्ट्याने झपाटले. १८६५ साली बाजार कोसळला, त्यात भाऊंचेही मोठे नुकसान झाले. कापूस पिकवणाऱ्या आपल्या भागाला भावाची ही चढउतार समजावून सांगायला नको. एवढा फटका बसूनही त्यांची रुग्णसेवा थांबली नाही, लोकांतील मानही ओसरला नाही. १८६९ आणि १८७१ साली ते मुंबईचे शेरीफ झाले.

याच काळात ते महारोगावर औषध देत होते. त्याचा मुख्य भाग कडूकवठीच्या बियांचे तेल होते. मात्र ते काय आहे हे त्यांनी उघड केले नाही. पूर्ण खात्री झाल्याशिवाय सांगू नये, अशी त्यांची भूमिका होती. त्यांच्यावर टीका झाली. पुढे पक्षाघाताने ते अंथरुणाला खिळले आणि ३१ मे १८७४ रोजी त्यांचे निधन झाले. उपचारांचा सविस्तर वृत्तान्त त्यांच्या हातून प्रसिद्ध झालाच नाही.

मला भाऊंचा हेतू लोभाचा वाटत नाही. तरीही परिणाम पाहिला तर लोभी माणसाचे गुपित आणि सज्जनाचे गुपित रोग्याला सारखेच महाग पडते. गरिबाला फुकट तपासणे ही सेवा खरीच. पण आपल्याजवळचे ज्ञान दुसऱ्या डॉक्टरच्या हाती देणे, ही त्याहून मोठी सेवा आहे. कडूकवठीच्या जातीची तेले विसाव्या शतकात जगभर महारोगावर वापरली गेली आणि १९४० नंतर सल्फोन औषधांनी त्यांची जागा घेतली. आज कुष्ठरोगाची बहुविध औषधे सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतात, आणि त्यांत काय आहे हे पाकिटावरच छापलेले असते. भाऊंच्या दवाखान्याचे दार गरिबांना उघडे होते. या पाकिटाने त्यांच्या कपाटाचेही दार उघडले, असे मला वाटते.