सहा ठिपक्यांचा जनक

४ जानेवारी हा दिवस जगभर ब्रेल दिन म्हणून पाळला जातो. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर २०१८ मध्ये तसा ठराव केला आणि २०१९ पासून या दिवसाला अधिकृत स्थान लाभले. महानगरांतील अंधशाळांना या दिवसाचे अप्रूप असणे स्वाभाविक आहे. परंतु पालघर जिल्ह्यातील जव्हार-मोखाड्याच्या डोंगरपाड्यांवर जन्मलेल्या एखाद्या दृष्टिहीन मुलासाठी अशा दिवसाचा अर्थ काय? ज्याच्या नावाने हा दिवस साजरा होतो, त्या लुई ब्रेलच्या चरित्रातच या प्रश्नाचे उत्तर दडलेले आहे. कारण लुईही महानगरात नव्हे, एका लहानशा खेड्यात जन्मला होता.

पॅरिसच्या पूर्वेस सुमारे ४० किलोमीटरवरील कूव्रे हे ते खेडे. तेथे ४ जानेवारी १८०९ रोजी लुईचा जन्म झाला. वडील जीनगर होते. घोड्यांची खोगिरे आणि लगाम तयार करणे हा त्यांचा व्यवसाय. तीन वर्षांचा लुई त्यांच्या कामाच्या जागेत खेळत असताना चामडे टोचण्याचे अणकुचीदार हत्यार त्याच्या डोळ्यात शिरले. जखम चिघळली, संसर्ग दुसऱ्या डोळ्यात पसरला आणि वयाच्या पाचव्या वर्षापर्यंत त्याची दृष्टी पूर्णपणे गेली.

त्या काळी गरिबाघरच्या अंध मुलाच्या वाट्याला बहुधा भीकच येत असे. लुईच्या बाबतीत मात्र गाव आडवे आले. वडिलांनी त्याला घरकामात आणि आपल्या व्यवसायात हाताशी घेतले. गावच्या धर्मगुरूंनी त्याला शिकविण्यास आरंभ केला आणि शाळामास्तरांनी डोळस मुलांच्या वर्गात त्याला जागा दिली. पुढे याच मंडळींच्या खटपटीमुळे १८१९ मध्ये, वयाच्या दहाव्या वर्षी, पॅरिसच्या राजकीय अंध विद्यालयात त्याचा प्रवेश झाला.

व्हॅलेंटिन हाउई यांनी स्थापन केलेल्या या विद्यालयात उठावाची रोमन अक्षरे छापलेली पुस्तके होती. ती अवजड होती, महाग होती आणि बोटांनी एकेक अक्षर चाचपत वाचताना वाक्याचा आरंभ विसरला जाई. शिवाय ती फक्त वाचता येत. विद्यार्थ्याला स्वतःच्या हाताने लिहिण्याची सोय त्यांत नव्हती. दुसऱ्याने छापलेले वाचावे, स्वतःचे मात्र मनातच ठेवावे, अशी ती अवस्था होती.

१८२१ च्या सुमारास चार्ल्स बार्बिये यांनी उठावाच्या ठिपक्यांची एक पद्धत विद्यालयापुढे मांडली. तिच्यात बारा ठिपक्यांचा एक गट होता; तो बोटाच्या एका स्पर्शात मावत नसे. ती उच्चारांवर आधारलेली असल्याने शुद्धलेखन आणि विरामचिन्हे यांना तिच्यात स्थान नव्हते. लुईने तिच्यातील मर्म हेरले आणि उणीव दूर केली. ठिपके सहावर आणले, उभ्या दोन रांगांत तीन-तीन. बोटाच्या पेरात मावतील एवढ्याच जागेत ६३ वेगवेगळ्या खुणा त्यातून निर्माण होतात. अक्षरे, अंक, विरामचिन्हे, एवढेच नव्हे तर संगीताची स्वरलिपीही त्यांत बसली. १८२४ मध्ये या लिपीचा आराखडा सिद्ध झाला, तेव्हा तिचा कर्ता अवघा पंधरा वर्षांचा होता.

पुढे ब्रेल त्याच विद्यालयात शिक्षक झाले. १८२९ मध्ये त्यांनी आपली पद्धत पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली आणि १८३७ मध्ये तिची सुधारित आवृत्ती काढली. ते उत्तम ऑर्गनवादक होते. पॅरिसमधील चर्चमध्ये वादनाची सेवाही त्यांनी केली. अंधांना डोळस आप्तेष्टांशी पत्रव्यवहार करता यावा म्हणून ठिपक्यांतून नेहमीची रोमन अक्षरे उमटविण्याची आणखी एक रीत त्यांनी १८३९ मध्ये मांडली.

पण मान्यता लांबच होती. १८४० मध्ये विद्यालयाचे प्रमुख बदलले. डोळसांना वाचता येणार नाही अशी लिपी अंधांना समाजापासून तोडेल, असा अनेक डोळस शिक्षकांचा आक्षेप होता. ब्रेल यांची पद्धत वर्गांतून हद्दपार झाली. लिपी तगली ती विद्यार्थ्यांमुळे. त्यांनी ती चोरून वापरली, एकमेकांना शिकविली. अखेर १८४४ मध्ये विद्यालयाच्या नव्या इमारतीच्या उद्‌घाटनप्रसंगी तिचे जाहीर प्रात्यक्षिक झाले आणि विरोध मावळू लागला. क्षयाने दीर्घकाळ ग्रासलेल्या ब्रेल यांनी ६ जानेवारी १८५२ रोजी, वयाच्या ४३ व्या वर्षी, जगाचा निरोप घेतला. फ्रान्समध्ये त्यांच्या लिपीचा अधिकृत स्वीकार झाला तो त्यानंतर दोन वर्षांनी, १८५४ मध्ये.

भारतात ही लिपी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पोहोचली; पण वेगवेगळ्या प्रांतांनी वेगवेगळ्या खुणा ठरविल्याने गोंधळ माजला. १९५१ मध्ये सर्व भारतीय भाषांसाठी एकसमान भारती ब्रेल निश्चित झाली. तिच्यात मराठीचा क, हिंदीचा क आणि बंगालीचा क एकाच खुणेने लिहिला जातो. छापील 'कि'मध्ये वेलांटी आधी येते. ब्रेलमध्ये आधी क आणि मग इ, म्हणजे उच्चाराच्या क्रमानेच लिहायचे. त्यामुळे जव्हार-मोखाड्यातील वारली, कोकणा, कातकरी घरांत बोलली जाणारी बोलीही याच सहा ठिपक्यांत सहज उतरू शकते. १९५२ मध्ये मुंबईत राष्ट्रीय अंध संघ स्थापन झाला. २००९ मध्ये, ब्रेल यांच्या जन्मद्विशताब्दीनिमित्त, भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ दोन रुपयांचे नाणे काढले.

सन्मानांची ही यादी आता मोठी आहे. ३ डिसेंबर हा आंतरराष्ट्रीय दिव्यांग दिन १९९२ च्या ठरावाने आला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क दिला आणि ब्रेल जाणणारे शिक्षक घडविण्याची जबाबदारी शासनावर टाकली. महाराष्ट्रात डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग अस्तित्वात आला. परंतु दऱ्याखोऱ्यांत विखुरलेल्या पाड्यांवर यांपैकी काहीही आपोआप पोहोचत नाही. मुलाला घराबाहेर काढणारे पालक, त्याला वर्गात बसवून घेणारे गुरुजी आणि पुढच्या शाळेचा पत्ता शोधून देणारा कोणी जाणता माणूस, अशी साखळी तेथे लागते. कूव्रेत ती जुळली नसती, तर पॅरिसचे विद्यालय लुईला कधी दिसलेच नसते.

१९५२ मध्ये, मृत्यूनंतर शंभर वर्षांनी, फ्रान्सने ब्रेल यांच्या अस्थी पॅरिसच्या पँथिऑनमध्ये समारंभपूर्वक नेल्या. राष्ट्रपुरुषांच्या पंक्तीत त्यांना स्थान मिळाले. पण हातांच्या अस्थी गावाने आपल्याकडेच ठेवल्या. कूव्रेच्या स्मशानभूमीत, एका छोट्या कलशात, त्या आजही आहेत.