जॉर्ज पिअर्स बेकर : रंगमंचाला विद्यापीठात नेणारा अध्यापक

जॉर्ज पिअर्स बेकर (१८६६–१९३५) यांचे नाव प्रामुख्याने यूजीन ओनील यांचे गुरू म्हणून घेतले जाते. परंतु रंगमंचाच्या शिक्षणास विद्यापीठीय प्रतिष्ठा मिळवून देणे, हे त्यांचे मूलगामी कार्य होय. हार्वर्डचे १८८७ चे पदवीधर असलेले बेकर पुढे तेथेच अध्यापक झाले. त्यांच्या नाट्यलेखनवर्गातून ‘फॉर्टी-सेव्हन वर्कशॉप’ ही प्रयोगशाळा उभी राहिली. निवडक संहितांचे तेथे प्रयोग होत. नेपथ्य, वेशभूषा, प्रकाशयोजना यांचीही कसोटी लागे आणि निमंत्रित प्रेक्षक लेखी अभिप्राय देत. नाटक संहितेत पूर्ण होत नाही, ही धारणा या उपक्रमामागे होती. हार्वर्डने मात्र नाट्यगृहाची त्यांची मागणी मान्य केली नाही. साठीच्या उंबरठ्यावर असलेल्या बेकर यांनी १९२५ मध्ये येलची वाट धरली. एडवर्ड हार्कनेस यांच्या दहा लक्ष डॉलरच्या देणगीतून तेथे नाट्यविभाग स्थापन झाला. १९२६ मध्ये नाट्यगृहही उघडले. नाट्येतिहास व नाट्यतंत्र यांचे प्राध्यापकपद बेकर यांच्याकडे होते. डोनाल्ड ओएन्सलेगर नेपथ्य, तर स्टॅन्ली मॅकँडलेस प्रकाशयोजना शिकवीत. मॅकँडलेस यांची पद्धती १९३२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. १९३३ मध्ये बेकर निवृत्त झाले. ग्रंथालय आणि रंगमंच यांतील अंतर मिटविणारी अध्यापनपरंपरा, हाच त्यांचा खरा वारसा होय.