कडधान्यांचे खत आणि सर आल्बर्ट हॉवर्ड

धुळ्याहून आग्रा रोडने निघून सातपुडा आणि नर्मदा ओलांडली की पुढे इंदूर लागते. तेथील काळ्या मातीत एका इंग्रज शास्त्रज्ञाने केलेले काम खानदेशने विसरावे, हे नवलच. कपाशीला युरियाच्या गोण्या आणि तूर, उडीद, मुगाला उरलेसुरले, अशी खताची वाटणी करणाऱ्यांनी तर सर आल्बर्ट हॉवर्ड यांचे चरित्र अवश्य पाहावे.

हॉवर्ड यांचा जन्म १८७३ साली इंग्लंडमधील एका शेतकरी कुटुंबात झाला. १९०५ मध्ये ते बिहारमधील पुसा येथील संशोधन संस्थेत आले. त्या सुमारास तेथील जावा निळीचे पीक वाळून जात होते. नीळ ही तुरीप्रमाणेच शेंगवर्गीय वनस्पती. हॉवर्ड व त्यांच्या विदुषी पत्नी गॅब्रिएल यांनी फवारणीचा विचार न करता मुळे खणून पाहिली. पावसाने दबलेल्या जमिनीत हवा खेळत नाही, त्यामुळे बारीक मुळे आणि त्यांवरील गाठी नष्ट होतात, असे त्यांना आढळले. याच गाठींतील जीवाणू हवेतील नत्र पिकास मिळवून देतात.

१९२४ ते १९३१ या काळात इंदूरच्या संस्थेत त्यांनी यशवंत वाड या सहकाऱ्यासह कंपोस्टची पद्धत सिद्ध केली. पऱ्हाट्या आणि तुराट्या शेतरस्त्यावर पसरून गाड्यांच्या चाकांखाली चिरडायच्या. मग शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांच्यासह खड्ड्यात कुजवायच्या. सुमारे तीन महिन्यांत खत तयार होई.

पुढे हॉवर्ड रासायनिक खतांचे कट्टर विरोधक बनले. तेथे मात्र त्यांच्यामागे जाता येणार नाही. कडधान्यास हेक्टरी २० ते २५ किलो नत्र आणि ५० किलो स्फुरद देण्याची शिफारस आहे, ती निराधार नव्हे. स्फुरदाने मुळे व गाठी वाढतात. नत्र अधिक झाले तर गाठी धरणेच मंदावते. पण जमीन भुसभुशीत आणि ओलावा धरणारी ठेवण्याचे काम गोणीतील खत करीत नाही, ते शेणखत व कंपोस्टच करते.

१९४७ साली हॉवर्ड वारले. खानदेशात पऱ्हाट्या अजूनही बांधावर जाळल्या जातात. बैलगाड्यांचे दिवस सरले असले, तरी पऱ्हाट्यांचा भुगा करणारी यंत्रे आता मिळतात. ती गावच्या सहकारी सोसायटीने घेऊन भाड्याने द्यावीत. युरियाच्या वाटपाइतकेच हेही सोसायटीचे काम आहे.