आनंदीबाई जोशी: डॉक्टर होण्याआधीचा अमेरिकेतला पहिला उन्हाळा आणि परक्या घरात मिळालेली मावशी

रत्नागिरी : मूल परदेशी शिकायला निघालं की घरात अॅडमिशनपेक्षा जास्त चर्चा दोन प्रश्नांची होते. राहणार कुठे आणि खाणार काय? आता कोकणातल्या घरांतूनही हे प्रश्न विचारले जातात. तिकडचं एखादं कुटुंब मुलाला घरी ठेवून घेणार असेल, तर आई-वडिलांचा जीव भांड्यात पडतो. त्याला आज होस्ट फॅमिली म्हणतात.

हा शब्द आपल्याकडे कुणाला माहीत नव्हता, तेव्हा कल्याणच्या जोशी घराण्यातली १८ वर्षांची एक मुलगी अशाच एका घरात राहिली होती. आनंदीबाई डॉक्टर झाल्या हे सगळ्यांना माहीत आहे. पण कॉलेजात पाऊल ठेवण्याआधी त्यांनी अमेरिकेत काढलेल्या उन्हाळ्याची गोष्ट फारशी सांगितली जात नाही.

डॉक्टर व्हायचं का ठरवलं?

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा, माहेरचं नाव यमुना. नवव्या वर्षी त्यांचं लग्न गोपाळराव जोशी यांच्याशी झालं. गोपाळराव पोस्टात नोकरीला होते, बिजवर होते आणि वयाने बरेच मोठे होते. बायकोला शिकवायचंच, हा त्यांचा हट्ट होता. हट्टाला दुसरी बाजूही होती. लहानपणी त्यांच्या हातून झालेल्या मारहाणीबद्दल आनंदीबाईंनी पुढे अमेरिकेतून त्यांनाच पत्रात लिहिलं.

चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला. तो जेमतेम दहा दिवस जगला. स्त्रियांना तपासायला स्त्री डॉक्टर हवी, हा त्यांचा निश्चय तिथून पक्का होत गेला.

अमेरिकेतलं घर कसं मिळालं?

गोपाळरावांनी बायकोच्या शिक्षणासाठी रॉयल वाइल्डर या अमेरिकी मिशनऱ्याला पत्र लिहिलं. धर्मांतर केलंत तर मदत करू, असा वाइल्डर यांचा सूर होता. जोशी दाम्पत्याला ते मान्य नव्हतं. पण हा पत्रव्यवहार वाइल्डर यांनी आपल्या मासिकात छापला.

तो अंक १८८० मध्ये न्यू जर्सी राज्यातल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर यांच्या हाती पडला, तोही दाताच्या डॉक्टरकडे नंबर येईपर्यंत बसल्या असताना. त्यांनी थेट भारतात पत्र पाठवलं. कसलीही ओळख नाही, धर्माची अट नाही. पुढची तीन वर्षं पत्रं येत-जात राहिली. आनंदीबाईंची तब्येत बिघडल्याचं कळल्यावर कार्पेंटरबाईंनी अमेरिकेतून औषधंही पाठवली. आनंदीबाई त्यांना मावशी मानू लागल्या.

विरोध कसा झाला?

ब्राह्मण घरातल्या बाईने समुद्र ओलांडायचा, तोही नवऱ्याशिवाय, हे समाजाला पचणारं नव्हतं. तेव्हा गोपाळरावांची नेमणूक बंगालमध्ये सेरामपूरला होती. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी तिथल्या कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाईंनी भाषण करून आपली बाजू मांडली. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असा त्यांचा शब्द होता. ७ एप्रिलला कलकत्त्याहून बोट सुटली. सोबत ओळखीच्या मिशनरी बायका होत्या, घरचं कुणी नव्हतं.

रोझेलच्या उन्हाळ्यात काय घडलं?

४ जून १८८३ ला त्या न्यूयॉर्कला उतरल्या. न्यायला कार्पेंटरबाई आल्या होत्या. तीन वर्षं पत्रातून भेटलेली मावशी पहिल्यांदाच समोर दिसली.

इकडे कोकणात पावसाला सुरुवात होते, तेव्हा तिकडे उन्हाळा असतो. कॉलेज ऑक्टोबरमध्ये सुरू होणार होतं. मधले महिने त्या कार्पेंटर कुटुंबात राहिल्या. रोझेल लहान गाव असलं तरी मागासलेलं नव्हतं. त्याच वर्षी जानेवारीत एडिसनने खांबांवरून तारा टाकून तिथे विजेचे दिवे लावले होते.

याच घरातून आनंदीबाईंनी २८ जूनला फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजला प्रवेशासाठी पत्र लिहिलं. आपली तयारी किती, इंग्रजी किती आणि डॉक्टर का व्हायचंय, हे त्यात सांगितलं. कॉलेजने प्रवेश दिला, शिष्यवृत्तीही दिली. साडी आणि शाकाहार त्यांनी सोडला नाही, आणि कार्पेंटर कुटुंबाने तशी अपेक्षाही ठेवली नाही.

हे घर एवढं महत्त्वाचं का?

ते नसलं की काय होतं, हे पुढच्याच हिवाळ्यात दिसलं. फिलाडेल्फियात खोली नीट हवा न खेळणारी, शेकोटी धूर करणारी. स्वयंपाक स्वतः करायचा आणि अभ्यासही. नऊवारीत पोटऱ्या उघड्या पडत, म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसायला सुरुवात केली. तब्येत ढासळत गेली. शेवटी कॉलेजच्या डीन रेचेल बॉडली यांनी त्यांना आपल्या घरी राहायला नेलं. सुट्टीत जायला रोझेल होतंच.

११ मार्च १८८६ रोजी पदवी मिळाली. परदेशात वैद्यकीय पदवी घेणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री. प्रबंधाचा विषय हिंदू समाजातलं प्रसूतिशास्त्र हा होता. समारंभाला गोपाळराव होते, पंडिता रमाबाई इंग्लंडहून आल्या होत्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमधल्या स्त्री विभागाची जबाबदारीही ठरली होती.

शेवट कुठे झाला?

ती खुर्ची रिकामीच राहिली. क्षयाने पोखरलेल्या आनंदीबाई १८८६ च्या अखेरीस परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात गेल्या. बाविसावा वाढदिवस महिन्यावर आला होता. मायदेशी रुग्ण तपासायची संधी त्यांना मिळालीच नाही.

माय मरो, मावशी जगो, अशी आपल्याकडे म्हण आहे. इथे भाचीच आधी गेली. गोपाळरावांनी त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या. त्यांनी त्या न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी इथे आपल्या कुटुंबाच्या स्मशानभूमीत ठेवल्या आणि वर दगड बसवला. शिक्षणासाठी भारताबाहेर पडलेली पहिली ब्राह्मण स्त्री, अशी त्यावर नोंद आहे.

एका उन्हाळ्यासाठी उघडलेल्या दाराआड आनंदीबाईंना घरच्या माणसांत कायमची जागा मिळाली. मुलाला परदेशी पाठवताना फी आणि तिकिटाचा हिशेब होतोच. त्याला जीव लावणारं तिथे कोण आहे, हेही विचारायला हवं.