आफ्रिकेच्या कपाटात न सापडणारा मलिक अंबर

शिरपूर जैन म्हटलं की आधी आठवतो अंतरिक्ष पार्श्वनाथ. पण समजा, वाशिम जिल्ह्यातल्या या गावातल्या एखाद्या मुलीला आफ्रिकेच्या इतिहासावर काम करायचंय. एमएचा प्रबंध असेल, नाहीतर नुसती आवड. ती ग्रंथालयात जाऊन आफ्रिकेचं कपाट शोधते. नशीब चांगलं असेल तर नेल्सन मंडेलांचं चरित्र आणि गांधीजींच्या दक्षिण आफ्रिकेतल्या लढ्यावरचं पुस्तक मिळतं. त्यापुढे शोध अडतो.

खरंतर आफ्रिकेत जन्मलेला एक मोठा माणूस त्याच ग्रंथालयात असतो, फक्त दुसऱ्या कपाटात. ड्युई दशांश पद्धतीत भारताचा इतिहास 954 या क्रमांकावर लागतो आणि इथिओपियाचा 963 वर. मलिक अंबरवरची पुस्तकं 954 मध्ये, निजामशाही आणि दख्खनच्या शेजारी ठेवलेली असतात. म्हणजे आफ्रिका शोधणाऱ्याला तो दिसतच नाही.

हा माणूस कोण होता आणि त्याचं आयुष्य कुठल्या पुस्तकांत सापडतं, ते क्रमाने बघूया.

चापूचा अंबर झाला

त्याचा जन्म साधारण 1548 चा, आजच्या इथिओपियातला. नाव चापू. लहानपणीच तो गुलाम म्हणून विकला गेला. पीटर व्हान डेन ब्रूके नावाचा डच व्यापारी 1617 मध्ये दख्खनमध्ये त्याला भेटला होता. या व्यापाऱ्याने लिहून ठेवलंय की तांबड्या समुद्रावरच्या मोखा बंदरात तो 80 गिल्डरला विकला गेला. पुढे बगदादच्या मीर कासिमने त्याला विकत घेतलं, शिकवलं आणि अंबर हे नाव दिलं.

त्याच्या आईवडिलांविषयी किंवा गावाविषयी या नोंदींतून काही कळत नाही. विकणाऱ्या-घेणाऱ्यांनी किंमत नोंदवली, कुटुंब नाही. पण अशी मुलं बाजारात का येत होती, हे मात्र शोधता येतं. 16 व्या शतकात इथिओपियाने मोठी युद्धं पाहिली आणि गुलामांचा व्यापारही जोरात होता. युनेस्कोच्या ‘जनरल हिस्ट्री ऑफ आफ्रिका’ या अनेक खंडांच्या ग्रंथातला पाचवा खंड याच काळावर आहे, 16 ते 18 व्या शतकावर. हे खंड इंटरनेटवर मोफत वाचायला मिळतात.

दख्खनमध्ये आला

1570 च्या दशकाच्या सुरुवातीला अंबर अहमदनगरला पोहोचला. त्याचा नवा मालक होता निजामशाहीचा पेशवा चंगीझखान. गंमत म्हणजे हा पेशवाही हबशीच होता, एकेकाळचा गुलाम. त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या विधवेने अंबरला मुक्त केलं. अंबर काही काळ विजापूरला राहिला आणि 1595 च्या सुमारास स्वतःचं घोडदळ घेऊन अहमदनगरला परतला.

तेव्हा अकबराची फौज दारात होती. 1596 च्या तहात वऱ्हाड मुघलांकडे गेलं. अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांमध्ये वाशिमचंही नाव आहे. 1600 मध्ये चांदबीबी मारली गेली आणि अहमदनगरचा किल्ला पडला. निजामशाही संपली असं सगळ्यांना वाटलं.

अंबरने ती संपू दिली नाही. त्याने राजघराण्यातल्या मूर्तजाला परांड्याला गादीवर बसवलं, स्वतःची मुलगी त्याला दिली आणि कारभार हातात घेतला. पुढे प्रतिस्पर्धी राजूला संपवून त्याने दौलताबाद घेतलं. 1610 मध्ये त्याने खडकी वसवली, म्हणजेच आजचं छत्रपती संभाजीनगर. खापरी नळांतून शहराला पाणी देणारी नहर-ए-अंबरी त्याचीच.

शत्रूने लिहिलेलं चरित्र

अंबरचं नाव पुन्हा पुन्हा कुठे येतं? ज्याला तो नकोसा झाला होता त्या जहांगीर बादशहाच्या आत्मचरित्रात, ‘तुझुक-ए-जहांगिरी’त. बादशहा त्याचा उल्लेख बहुतेक वेळा त्याच्या काळ्या रंगावरून शिवी देऊनच करतो. पण त्याच पानांतून मुघल सरदार दख्खनमध्ये पुन्हा पुन्हा कसे फसले, तेही कळतं.

आपल्या वऱ्हाडातलं बाळापूरही या पानांत आहे. तिथून मुघल सरदार शाहनवाझखान अंबरवर चालून गेला. 1616 मध्ये जालन्याजवळ रोशनगावला अंबर हरला आणि मुघलांनी खडकी जाळली. या मोहिमेआधी अंबरला सोडून मुघलांना मिळालेल्यांत जादूराय हे नाव येतं. इतिहासकार त्याला सिंदखेडचा जाधव मानतात. रॉजर्स आणि बेव्हरिज यांचं दोन खंडांचं इंग्रजी भाषांतर 1909 ते 1914 मध्ये निघालं. ते इंटरनेट आर्काइव्हवर फुकट आहे. मागच्या सूचीत अंबर शोधा आणि थेट त्या पानावर जा.

याच सुमारास दरबारी चित्रकार अबुल हसनने एक चित्र काढलं. त्यात जहांगीर भाल्यावर खोचलेल्या अंबरच्या मुंडक्यावर बाण सोडतोय. आज ते डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे. प्रत्यक्षात अंबर कधीच मुघलांच्या हाती लागला नाही. चित्रसुद्धा कागदपत्रच असतं, पण ते घडलेलं दाखवतं की बादशहाची इच्छा, हे आपल्याला तपासावं लागतं.

भातवडी आणि शेवट

1624 मध्ये मुघल आणि विजापूरकर एकत्र आले. अहमदनगरजवळ भातवडीला अंबरने तलावाचा बांध फोडून शत्रूच्या वाटेत चिखल केला, गनिमी काव्याने त्यांना दमवलं आणि हरवलं. शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. त्यांचे भाऊ शरीफजी तिथे पडले. ही लढाई कवींद्र परमानंदाच्या संस्कृत ‘शिवभारता’त आहे. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाने 1927 मध्ये ते मराठी भाषांतरासह छापलं. म्हणजे एका आफ्रिकी सेनापतीच्या सर्वांत मोठ्या विजयाचं वर्णन मराठीतच वाचता येतं, तेही शिवचरित्राच्या कपाटात.

1626 मध्ये साधारण 80 व्या वर्षी अंबर गेला. खुलताबादला त्याची कबर आहे. जहांगिराचाच दरबारी मुतमदखान याने आपल्या ‘इकबालनामा’त त्याच्या युद्धकौशल्याची आणि कारभाराची मोकळेपणाने तारीफ केली. बादशहाच्या शिव्या आणि या दरबाऱ्याची तारीफ, दोन्ही शेजारी ठेवून वाचल्यावरच माणूस नीट दिसतो.

मग शोधायचं कसं?

पहिली गोष्ट, फक्त ‘आफ्रिका’ शोधू नका. हबशी, सिद्दी, शिद्दी, अॅबिसिनिया, निजामशाही, खडकी, जंजिरा हे शब्द टाका. इंग्रजी पुस्तकांत अंबरच्या नावाचं स्पेलिंग बदलतं, शेवटच्या अक्षराआधी कधी ए, कधी ई. दोन्ही करून बघा.

दुसरी, चार पुस्तकं लक्षात ठेवा. जोसेफ हॅरिस यांचं ‘द आफ्रिकन प्रेझेन्स इन एशिया’ (1971), बी. जी. तामसकर यांचं मलिक अंबरचं चरित्र (1978), रिचर्ड ईटन यांचं दख्खनमधल्या आठ माणसांवरचं पुस्तक (2005) आणि ओमर अली यांचं अंबरवरचं छोटेखानी पुस्तक (2016). घाई असेल तर ईटन यांचं एकच प्रकरण वाचा आणि त्याच्या तळटीपा उतरवून घ्या. पुढची यादी तिथेच तयार होते.

तिसरी, प्रबंध बघायचे असतील तर ‘शोधगंगा’ मोफत आहे. मूळ फारसी कागदांसाठी ग. ह. खरे यांनी संपादित केलेले ‘ऐतिहासिक फारसी साहित्य’चे खंड मागा. पोर्तुगीज कागद पणजीच्या पुराभिलेखागारात आहेत.

आणि चौथी, पुस्तक जवळ नसेल तर ग्रंथपालांना आंतरग्रंथालयीन देवघेवीबद्दल विचारा. अमरावती विद्यापीठाशी जोडलेल्या कॉलेजात असाल तर कॉलेजच्या ग्रंथपालांमार्फत विद्यापीठाच्या ग्रंथालयात चौकशी करा. विचारताना पुस्तकाचं नाव, लेखक आणि वर्ष चिठ्ठीवर लिहून न्या. ‘आफ्रिकेवर काहीतरी द्या’ म्हटलं की पुन्हा तेच मंडेलांचं चरित्र हातात येतं.