फ्रेममागचा माणूस : जॉन केम्प स्टार्ली

पोलंडमध्ये सायकलला रोवेर म्हणतात. हा शब्द मुळात त्यांचा नाही. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री शहरात रोव्हर या छापाच्या सायकली बनत, त्या छापाचंच तिकडे सामान्यनाम झालं. आपल्याकडे वनस्पती तुपाला सगळे डालडा म्हणत, तसंच. ज्या माणसाच्या कारखान्यातून ही सायकल निघाली, त्याचं नाव जॉन केम्प स्टार्ली. आधुनिक सायकलचा जनक म्हणून जगभर त्याचा उल्लेख होतो. पण व्हायवात डनलॉप किंवा राइट बंधू पटकन सांगणारे आपण स्टार्ली म्हटलं की गप्प होतो.

माझी त्याच्याशी ओळख झाली ती एका खरेदीच्या निमित्ताने. आमच्या विंगमधल्या चौघांनी मिळून एक एन्ड्युरो माउंटन बाईक बांधायचं ठरवलं. एन्ड्युरो म्हणजे डोंगर पायडल मारत चढायचा आणि दगडधोंड्यांच्या वाटेने वेगात उतरायचा. शर्यतीत वेळ मोजतात ती मुख्यतः उताराची, पण चढ काही कोणाला सुटत नाही. म्हणून फ्रेम दणकट हवी आणि हलकीही हवी. मेसमध्ये रोज वाद. एक म्हणे कार्बन घ्या, दुसरा म्हणे अॅल्युमिनिअमच, आणि तिसऱ्याचा प्रश्न एकच, आपल्याकडचं मागचं चाक त्यात बसणार का? पैसे चौघांच्या स्टायपेंडचे, आणि उतारावर फ्रेमने दगा दिला तर हाडं मोडणार ती आमचीच. म्हटलं, मुळाशी जाऊ. फ्रेमचा हा आकार आला तरी कुठून? आणि तिथे स्टार्लीसाहेब भेटले.

१८५० च्या दशकाच्या मध्यावर लंडनजवळच्या वॉल्थमस्टो इथे एका माळ्याच्या घरी त्याचा जन्म झाला. १८७२ मध्ये तो काका जेम्स स्टार्ली यांच्याकडे कॉव्हेंट्रीला आला. रेशमी फिती विणणारं हे शहर. तो धंदा १८६० नंतर बसला आणि कारागिरांचे हात शिवणयंत्रांकडे, तिथून सायकलींकडे वळले. काका म्हणजे मोठं प्रस्थ. विल्यम हिलमन यांच्याबरोबर त्यांनी एरिअल ही उंच चाकाची सायकल काढली. आज आपल्या चाकात आरे एकमेकांना छेदून तिरपे बसवलेले दिसतात, ती टँजंट स्पोकची पद्धत त्यांनी १८७४ मध्ये आणली. तीनचाकीसाठी डिफरन्शिअल गिअर बसवला तोही त्यांनीच. अशा माणसाच्या हाताखाली पुतण्या तयार झाला.

पण काकांच्या उंच सायकलीत एक जीवघेणी खोड होती. पायडल थेट पुढच्या चाकाला जोडलेलं. वेग हवा तर चाक मोठं करा, आणि चाक किती मोठं? तर स्वाराचे पाय पोहोचतील तेवढं. दीड मीटरच्या चाकावर माणूस जवळजवळ चाकाच्या आसावरच बसायचा. रस्त्यात खड्डा किंवा दगड आला की मागचं चाक उचलायचं आणि स्वार डोक्यावर पडायचा. त्यामुळे सायकल हा धडधाकट, धाडसी तरुणांचाच खेळ होऊन बसला. बायका, वयस्क माणसं, उंचीने कमी असलेले, सगळे बाहेर. फार तर तीनचाकी वापरा!

जॉनने १८७० च्या दशकाच्या अखेरीस विल्यम सटन या सायकलप्रेमी भागीदाराबरोबर स्वतःचा कारखाना काढला. १८८१ मध्ये काका गेले. शहराने त्यांचं स्मारक उभारलं. आणि त्याच शहरात, स्मारक उभं राहिल्यावर वर्षभरातच, पुतण्याने काकांचा सगळा मार्ग मोडीत काढणारं यंत्र आणलं. १८८५ ची रोव्हर सेफ्टी बायसिकल! चाकं जवळजवळ सारखी, स्वार दोन चाकांच्या मध्ये, पाय जमिनीला टेकतील इतकी उंची, आणि चेनने मागच्या चाकाला गती.

चेनची कल्पना त्याची एकट्याची नव्हती, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. हॅरी लॉसनने १८७९ मध्येच मागच्या चाकाला चेन लावलेली सायकल काढली होती, पण ती चालली नाही. मग स्टार्लीचं वेगळेपण कशात? १८९८ मध्ये लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सपुढे त्याने सायकलच्या उत्क्रांतीवर निबंध वाचला, त्यात याचं उत्तर सापडतं. त्याने सुरुवात नळ्यांपासून केली नाही, माणसापासून केली. स्वार जमिनीपासून किती उंच असावा, सीट पायडलच्या मानाने कुठे असावी, ती वरखाली आणि मागेपुढे सरकवता यावी, हँडल असं असावं की कमी दमून जास्त जोर लावता येईल, आणि चेनमुळे गिअरचं प्रमाण बदलता यावं. हे बिंदू आधी ठरले. फ्रेम म्हणजे ते बिंदू जोडणारा सांगाडा.

लोकांना या बुटक्या सायकलवर भरवसा नव्हता. मग स्टार्लीने सप्टेंबर १८८५ मध्ये शंभर मैलांची शर्यतच भरवली. जॉर्ज स्मिथने रोव्हरवरून ते अंतर सुमारे ७ तास ५ मिनिटांत कापून विक्रम केला. तोंडं बंद झाली.

तरीही पहिली रोव्हर परिपूर्ण नव्हती. तिच्या नळ्या वाकड्या होत्या आणि सीटखालून पायडलकडे येणारी उभी नळी नव्हतीच. स्ट्रेंथ ऑफ मटेरिअल्समध्ये आपण शिकतो ना, नळीवर सरळ ताण किंवा दाब आला तर ती पुष्कळ सोसते, वाकवणारा भार आला की लवकर हार मानते. पुढच्या काही वर्षांत स्टार्लीने आणि हंबरसारख्या इतर कारखान्यांनी नळ्या सरळ केल्या, उभी नळी घातली, आणि १८९० च्या सुमारास डायमंड फ्रेम स्थिर झाली. त्रिकोणांमुळे वजन न वाढवता ताकद वाढली. १८९७ मध्ये बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड रेनॉल्ड्सने टोकांना जाड आणि मध्ये पातळ अशा नळीचं पेटंट घेतलं. जोडापाशी ताण जास्त, म्हणून धातू तिथेच जास्त. टिकाऊपणा आणि वजन यांचा तंटा एकाच नळीत मिटवला की नाही?

राहिली कंपॅटिबिलिटी. लहान चाकं भरीव रबराच्या टायरवर फार हादरायची. १८८५ मध्येच व्हिपेट नावाची स्प्रिंगवाली फ्रेम आली होती, म्हणजे आजच्या फुल सस्पेन्शनची पणजी! पण १८८८ मध्ये डनलॉपचा हवेचा टायर आला, स्प्रिंगची गरज संपल्यासारखी झाली आणि ती मागे पडली. मात्र या जाड टायरला चिमट्यात आणि फ्रेममध्ये जास्त जागा लागू लागली. नवा भाग कितीही चांगला असो, त्याला सामावून घेईल ती फ्रेम, हा धडा तेव्हापासूनचा आहे.

हा माणूस वाचल्यावर आमच्या वादाचा क्रमच बदलला. आम्ही वजनापासून सुरू करत होतो, आता स्वारापासून केलं. आधी फ्रेमची लांबी आणि सीटची उंची चौघांना जुळेल अशी पाहिली. मग जोडणीचे बिंदू. आमचं मागचं चाक १४२ मिमी हबचं, आणि नव्या एन्ड्युरो फ्रेम बहुतेक १४८ मिमीच्या. ते थेट बसत नाही, म्हणजे हबचा खर्च आधीच धरायचा. बॉटम ब्रॅकेट आट्यांचा असेल तर हॉस्टेलमध्येही बदलता येतो, प्रेसफिटला वेगळी हत्यारं लागतात. सस्पेन्शनच्या सांध्यांतली बेअरिंगं नेहमीच्या नंबरची असतील तर गावातल्या बेअरिंगच्या दुकानात मिळतात. डिरेल्युअर हँगर सहज मिळणारा हवा, कारण पडल्यावर आधी तोच वाकतो.

त्यानंतर टिकाऊपणा. अॅल्युमिनिअमला स्टीलसारखी फटिग लिमिट नसते, लहान लहान हादऱ्यांचाही हिशेब चढतच राहतो. पण चीर बहुधा डोळ्यांना दिसते. कार्बनला फटिगची भीती कमी, पण दगडाचा घाव आतल्या आत राहू शकतो. सेकंडहँड कार्बन फ्रेमचा आदला मालक किती वेळा आपटला, हे आम्हाला कोण सांगणार? आणि वजन सगळ्यात शेवटी. फरक साधारण अर्धा ते एक किलोचा. तेवढ्यासाठी उतारावरची धाकधूक आम्हाला परवडणारी नव्हती. नवी अॅल्युमिनिअम फ्रेम घ्यायची असं एकमताने ठरलं. एक सांगून ठेवतो, ६०६१ अॅल्युमिनिअमची चिरलेली फ्रेम नाक्यावर वेल्डिंग करून वापरू नका. वेल्डिंगच्या उष्णतेने तिथली हीट ट्रीटमेंट निघून जाते आणि फ्रेम त्याच जागी कमकुवत होते.

१८९६ मध्ये, सायकलींचा बाजार तेजीत असताना, स्टार्लीची रोव्हर सायकल कंपनी लिमिटेड झाली. पुढच्याच एकदोन वर्षांत मंदी आली, अनेक कंपन्या बुडाल्या, रोव्हर तगली. पण स्टार्लीला आयुष्य मोठं मिळालं नाही. २९ ऑक्टोबर १९०१ रोजी तो अचानक गेला, पन्नाशीही गाठली नव्हती. त्याच्या मागे कंपनीने १९०४ मध्ये मोटारी काढल्या, १९४८ मध्ये लँड रोव्हर आणली. त्याच लँड रोव्हरचा व्यवसाय, जॅग्वारसह, २००८ मध्ये टाटा मोटर्सने फोर्डकडून विकत घेतला. एका माळ्याच्या मुलाने लावलेलं रोप असं फिरत फिरत आपल्या मुंबईच्या दारी आलं!

मित्रहो, स्टार्लीने नवा धातू शोधला नाही की नवं इंजिन काढलं नाही. यंत्र कोणासाठी आहे हे त्याने आधी विचारलं आणि बाकीचं त्यामागून आणलं. आपल्या सायकल स्टँडवर कोपऱ्यात जी काळी, दांड्याची, कॅरिअरवाली जुनी सायकल उभी असते, तिच्या नळ्या एकदा नीट पाहा. दुधाचे कॅन आणि धान्याची पोती वाहूनही तिचे त्रिकोण हललेले नाहीत. तुमच्या पुढच्या प्रोजेक्टमध्ये, मग ती सायकल असो की आणखी काही, मटेरिअलची यादी करण्याआधी वापरणाऱ्या माणसाची उंची तेवढी मोजून घ्या.